तारामतीचा पगार पंधरा रुपये

शूर्पणखेने उघडउघड प्रेम मागितलं ते पंचवटीत. सीतेला सोन्याच्या हरणाचा मोह पडला तोही पंचवटीत. आणि ‘याच्या बाहेर पाऊल टाकू नका’ म्हणत लक्ष्मणाने रेघ ओढली तीसुद्धा इथेच, असं आपण आजीच्या तोंडून ऐकलेलं. प्रेम, सोनं आणि समाजाची रेघ! बाईच्या गोष्टीला लागणारा सगळा ऐवज गोदाकाठच्या एका वस्तीत जमला होता. त्यात पुढे त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या धुंडिराज गोविंद फाळके यांनी सिनेमाचं बिऱ्हाड नाशकातच आणलं. मग काय, गोष्टीला पडदाही मिळाला.

तिकडे जपानमध्ये मिझोगुची, ओझू, नारुसे ही दिग्दर्शक मंडळी बायकांच्या गोष्टी सांगून जगभर गाजली. लग्न करायचं की नाही, घरखर्च कुठून आणायचा, शेजारीपाजारी काय म्हणतील, ही त्यांच्या नायिकांची कोडी थेट आपल्या माजघरातली वाटतात. आपल्या जुन्या सिनेमातल्या बायकाही याच कोड्यांत अडकल्या होत्या. पडद्यावर त्यांनी प्रेम केलं, पडद्यामागे पैशांचा हिशेब सांभाळला आणि लोकांची बोलणी दोन्हीकडे खाल्ली. त्या हिशेबवहीतली ही काही चटपटीत पानं.

१. पाहिजे होती नायिका, मिळाला वेटर

‘राजा हरिश्चंद्र’साठी (१९१३) फाळक्यांना तारामती हवी होती. त्यांनी वर्तमानपत्रात जाहिराती दिल्या, ओळखीपाळखीत विचारलं, अगदी बदनाम वस्त्यांतही चौकशी केली. उत्तर सगळीकडे एकच: सिनेमात काम? छे! शेवटी ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहात नाजूक बोटांचा एक तरुण दिसला. अण्णा साळुंके त्याचं नाव. तिथे त्याला महिना दहा रुपये मिळत. फाळक्यांनी पंधरा देऊ केले आणि भारताला पहिली तारामती मिळाली. पुराणातली तारामती भर बाजारात विकली गेली होती, पडद्यावरची पाच रुपयांच्या पगारवाढीवर आली.

जपानची कथाही याहून वेगळी नव्हती. तिथे १६२९ मध्ये बायकांना काबुकी रंगभूमीवर बंदी झाली. स्त्रीभूमिका करणाऱ्या पुरुषांची ती परंपरा सिनेमातही शिरली आणि १९२०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत तिथल्या कित्येक ‘नायिका’ पुरुषच होत्या.

२. राम तोच, सीताही तीच

१९१७चा ‘लंकादहन’. पंचवटीतून पळवून नेलेली सीता कोण? अण्णा साळुंके. तिच्या विरहाने व्याकूळ झालेला राम कोण? तेही अण्णा साळुंके! भारतीय पडद्यावरची ही पहिली दुहेरी भूमिका. सीतेचे दंड जरा पिळदार दिसत, पण प्रेक्षकांना त्याचं काही वाटलं नाही. पडद्यावर राम आला की लोक चपला काढून हात जोडत.

पैशांचं म्हणाल तर मद्रासकडे या चित्रपटाच्या तिकिटांची चिल्लर बैलगाडीत भरून, पोलिसांच्या पहाऱ्यात न्यावी लागली, असं सांगतात. सीतेच्या दुःखावर इतकी नाणी जमली, आणि त्यात सीतेची भूमिका करणारी बाई मात्र एकही नव्हती.

३. नाशिकच्या चित्रपटात पहिली बाई, खरं तर दोघी

‘राजा हरिश्चंद्र’ चालल्यावर फाळके नाशकात आले आणि १९१३ मध्येच ‘मोहिनी भस्मासुर’ला हात घातला. या वेळी बाई मिळाली. एक मागितली तर दोन आल्या, त्याही मायलेकी. आई दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या, लेक कमला मोहिनी. कमला तेव्हा जेमतेम तेरा-चौदा वर्षांची.

दुर्गाबाई नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या होत्या आणि पदरात लहान मुलगी होती. त्या काळी अशा बाईपुढे पोटासाठी वाटा किती? धुणीभांडी, नाहीतर याहून वाईट काही. दुर्गाबाईंनी नाटक कंपनीची वाट धरली, समाजाने नाकं मुरडली, आणि त्यांनी समाजाकडे पाठ करून कॅमेऱ्याकडे तोंड केलं. भारतीय सिनेमातली पहिली अभिनेत्री अशी घरभाड्याच्या काळजीतून आली आहे.

कमलाबाई पुढे गोखल्यांच्या घरात गेल्या, ऐन पंचविशीत विधवा झाल्या आणि रंगभूमीवर राबून मुलं वाढवली. स्त्रीभूमिका पुरुषांकडे असण्याच्या त्या जमान्यात त्यांनी पुरुषांच्या भूमिकाही केल्या. फिट्टंफाट! चंद्रकांत गोखले हे त्यांचे चिरंजीव आणि विक्रम गोखले नातू.

४. कंपनीची बिनपगारी मॅनेजर

फाळके भारतीय सिनेमाचे जनक, हे पाठ्यपुस्तकात आहे. मग जननी? सरस्वतीबाई फाळके. नवऱ्याच्या डोक्यात सिनेमाचं वेड शिरलं तेव्हा शेजाऱ्यांनी त्याला खुळ्यात काढलं होतं. सरस्वतीबाईंनी मात्र अंगावरचे दागिने काढून दिले.

एवढ्यावर भागलं नाही. कच्च्या फिल्मच्या कडांना भोकं पाडायचं काम रात्री अंधारात बसून त्या करत. फिल्म धुणं, रसायनं कालवणं त्या शिकल्या. चित्रीकरणाच्या वेळी नटांवर उजेड पडावा म्हणून पांढरी चादर धरून तासन्‌तास उन्हात उभ्या राहिल्या. आणि साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक? तो होताच. आजच्या श्रेयनामावलीत हे लिहायचं म्हटलं तर अर्थसाहाय्य, प्रयोगशाळा, प्रकाशयोजना आणि भोजनव्यवस्था या चारही ओळींपुढे एकच नाव येईल.

५. मुलगी झाली कृष्ण, गायिका झाली नारद

फाळक्यांच्या हिंदुस्तान सिनेमा फिल्म्स कंपनीने नाशकात ‘कालिया मर्दन’ (१९१९) काढला. त्यात कालियाच्या फण्यावर नाचणारा बाळकृष्ण म्हणजे फाळक्यांची छोटी लेक मंदाकिनी. कन्येच्या अंगात खरंच कसब आहे हे प्रेक्षकांना पटावं म्हणून चित्रपटाच्या सुरुवातीला ती आधी स्वतःच्याच रूपात येते, चेहऱ्यावर एकेक भाव दाखवते आणि मग कृष्ण होते. सुदैवाने या चित्रपटाचा बराच भाग आजही शिल्लक आहे.

दक्षिणेतही असा एक गमतीचा प्रसंग घडला. १९४१च्या तमिळ ‘सावित्री’मध्ये नारद झाल्या चक्क एम. एस. सुब्बुलक्ष्मी. ‘कल्की’ हे नियतकालिक सुरू करायला भांडवल हवं होतं, म्हणून त्यांनी ही भूमिका घेतली. आणि त्या चित्रपटातली सावित्री? आपली शांता आपटे! त्या भूमिकेसाठी ती तमिळ शिकली. शांताबाईंची खरी हकीकत थोडं पुढे.

६. तारामती कॉलेजातून आली

१९१३ ची तारामती उपाहारगृहातून आली होती. एकोणीस वर्षांनी प्रभात फिल्म कंपनीने तीच कथा बोलपटात काढली, ‘अयोध्येचा राजा’ (१९३२), आणि या खेपेला तारामती आली ती सेंट झेवियर्समध्ये शिकलेली, मुंबईतल्या लाडांच्या खानदानी घरातली माहेरवाशीण. दुर्गा खोटे! घर श्रीमंतांचं होतं, पण सासरची परिस्थिती खालावली आणि चार पैसे मिळवायची वेळ आली. १९३१ मध्ये ‘फरेबी जाल’ या चित्रपटात त्यांनी छोटंसं काम केलं तेव्हा मोठा गहजब झाला. वर्षभरातच तारामतीने सगळ्यांची तोंडं बंद केली.

त्याच वर्षीच्या ‘माया मच्छिंद्र’मध्ये त्या राणी झाल्या, सोबतीला चित्ता. ‘अमर ज्योती’त (१९३६) तर सौदामिनी नावाची समुद्री चाचेगिरी करणारी बाई, बायकांवर अन्याय करणाऱ्या सत्तेचा सूड घेणारी. मधल्या काळात कलकत्त्याच्या ‘सीता’मध्ये (१९३४) पृथ्वीराज कपूर राम आणि दुर्गाबाई सीता होत्या. हा चित्रपट थेट व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला गेला. पंचवटीची सीता परदेशवारी करून आली, तीही विमानाशिवाय आणि रावणाशिवाय.

७. नीराने म्हाताऱ्याला नाही म्हटलं

ना. ह. आपटे यांची ‘न पटणारी गोष्ट’ ही कादंबरी, त्यावरून व्ही. शांतारामांचा ‘कुंकू’ (१९३७). पैसे घेऊन मामा भाचीचं लग्न एका म्हाताऱ्या विधुराशी लावून देतो. नीरा रडत बसत नाही. मी तुझी बायको नाही, असं ती नवऱ्याला तोंडावर सांगते आणि त्याला खोलीबाहेर ठेवते. १९३७ साली! चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही. घड्याळाची टिकटिक, रस्त्यावरचे आवाज एवढंच. आणि याच मराठमोळ्या नीराच्या तोंडी लाँगफेलोची इंग्रजी कविता गाण्यासारखी येते.

यातली सर्वांत गमतीची व्यक्ती मात्र नीराची सावत्र मुलगी. वयाने आईपेक्षा मोठी, शिकलेली, समाजकार्य करणारी. ही भूमिका केली शकुंतला परांजपे यांनी, आणि त्या खऱ्या आयुष्यातही तशाच होत्या. रँग्लर परांजप्यांची मुलगी, केंब्रिजला शिकलेली, रशियन चित्रकाराशी लग्न केलेली, संततिनियमनाचा प्रचार करणारी. पुढे त्या राज्यसभेच्या सदस्य झाल्या आणि १९९१ मध्ये पद्मभूषण ठरल्या. ‘कथा’ आणि ‘चश्मेबद्दूर’ काढणाऱ्या सई परांजपे या त्यांच्या लेक.

८. स्टुडिओच्या फाटकावर उपोषण

नीराची भूमिका करणारी शांता आपटे पडद्याबाहेरही नीराच होती. १९३९ मध्ये करारावरून प्रभातशी तिचं बिनसलं. नट्यांनी असं काही झालं की रडावं, बड्यांना मध्यस्थी घालावी, गुपचूप मान तुकवावी, असा रिवाज. शांताबाई पुण्यात प्रभातच्या फाटकापुढे उपोषणाला बसली. स्टुडिओच्या दारात पगार-कराराच्या भांडणासाठी सिनेनटीने धरलेलं हे उपोषण तेव्हा देशभर गाजलं. त्याच आवारात आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे.

पुढच्याच वर्षी तिने पुस्तक लिहिलं, ‘जाऊ मी सिनेमात?’ शेवटचं प्रश्नचिन्ह फार महत्त्वाचं. सिनेमात जाऊ पाहणाऱ्या मुलींना तिथला व्यवहार, तिथले धोके, पैशांची गणितं सरळ सांगणारं हे पुस्तक आहे. जमाना नटीच्या प्रेमप्रकरणांच्या बातम्या छापत होता तेव्हा ही बाई कामगाराच्या हक्कांबद्दल बोलत होती.

९. तीनशे येन आणि मैना

१९३६ मध्ये मिझोगुचींचा ‘नानिवा एलेजी’ आला. आयाको ही ओसाकातली टेलिफोन ऑपरेटर. वडिलांनी कंपनीचे तीनशे येन खाल्लेले. ते फेडायला ती मालकाची रखेल होते. घर वाचतं, आणि तेच घर शेवटी तिला दारात उभं करत नाही. मिझोगुचींच्या घरात हे सगळं घडून गेलेलं होतं. त्यांच्या थोरल्या बहिणीला लहानपणीच गेइशा व्हायला पाठवलं गेलं आणि पुढे त्याच बहिणीने या भावाला आधार दिला. आयुष्यभर हा माणूस पैशापायी विकल्या जाणाऱ्या बायकांचे सिनेमे काढत राहिला ते उगाच नाही.

तीन वर्षांनी पुण्यात शांतारामांनी ‘माणूस’ (१९३९) केला. मैना नावाची वेश्या आणि गणपत नावाचा सरळमार्गी हवालदार. तो तिला नव्या आयुष्याकडे न्यायला निघतो, पण पैशांसाठी तिचा पिच्छा पुरवणारा मामा मध्ये आडवा येतो. शेवटी त्या मामाचा खून तिच्या हातून होतो. तिला पळवून नेण्याची गणपतची तयारी असते, ती मात्र शिक्षा भोगायला निघते. आयाको आणि मैना भेटल्या असत्या तर भाषेची अडचण आली नसती.

१०. पोहण्याचा पोशाख आणि साबणाची वडी

१९३८ मध्ये आचार्य अत्र्यांच्या लेखणीतून आणि मास्टर विनायकांच्या दिग्दर्शनातून ‘ब्रह्मचारी’ आला. त्यात मीनाक्षी शिरोडकर पोहण्याच्या पोशाखात दिसल्या आणि ब्रह्मचाऱ्यांसकट साऱ्या महाराष्ट्राची झोप उडाली. टीकाकारांनी कोरडे ओढले, प्रेक्षकांनी तिकिटं काढली. बरेचदा तीच माणसं दोन्हीकडे असत. नम्रता आणि शिल्पा शिरोडकर या त्यांच्या नाती.

तीन वर्षांनी आणखी एक मराठी चेहरा चर्चेत आला. हॉलिवूडच्या नट्यांना घेऊन जाहिरात करणाऱ्या लक्स साबणाने १९४१ मध्ये पहिल्यांदा भारतीय अभिनेत्री घेतली, लीला चिटणीस. पदवीधर, चार मुलांची आई, संसार एकटीच्या बळावर चालवणारी. तिच्या कांतीचं रहस्य साबणात होतं की कष्टात, हे जाहिरातीत लिहिलेलं नव्हतं.

११. येवल्याची मंथरा

येवल्याची ओळख पैठणी. पण येवल्याने सिनेमाला दिलेला सगळ्यात झणझणीत ऐवज म्हणजे ललिता पवार. १९१६ चा जन्म, मूळ नाव अंबा, वडील रेशमी आणि सुती कापडाचे व्यापारी. मूकपटात लहानपणी सुरुवात झाली, ऐन तारुण्यात नायिका झाल्या आणि ‘कैलास’ (१९३२) हा मूकपट स्वतः काढलाही.

१९४२ मध्ये ‘जंग-ए-आजादी’च्या सेटवर प्रसंगात भगवानदादांच्या हातून थप्पड जोरात बसली. डाव्या डोळ्याला इजा झाली, चेहऱ्यावर अर्धांगवायू आला, उपचारांत वर्षं गेली. नायिका म्हणून दारं मिटली. ललिताबाईंनी तोच बारीक झालेला डोळा खाष्ट सासूच्या कामी लावला आणि पुढची कित्येक दशकं देशभरच्या सुनांना घाबरवलं. ‘श्री ४२०’मध्ये केळी विकणारी बाई, ‘अनाडी’त (१९५९) भाड्यावरून ओरडणारी पण मनाने मऊ मिसेस डिसा, ज्यासाठी त्यांना फिल्मफेअर मिळालं. शेवटी दूरदर्शनच्या ‘रामायण’मध्ये मंथरा. मंथरेने कैकेयीचे कान भरले नसते तर राम पंचवटीला आलाच नसता. त्या हिशेबाने नाशिकचं धार्मिक पर्यटन येवलेकरणीच्या पदरात घालायला हरकत नाही!

१२. नाशिकच्या तुरुंगात जन्मलेली आई

साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहिली ती नाशिकच्या तुरुंगात, १९३३च्या फेब्रुवारीत, अवघ्या काही दिवसांत. अत्र्यांनी १९५३ मध्ये तिच्यावर चित्रपट काढला, वनमाला आई झाल्या, माधव वझे श्याम झाला. देशात राष्ट्रपतींचं सुवर्णपदक पहिल्यांदा द्यायचं ठरलं तेव्हा ते या मराठी चित्रपटाला मिळालं.

आपण ती आई डोळे पुसत आठवतो. पण कथा नीट बघितली तर तिच्यामागे सतत सावकाराचा तगादा आहे. कर्ज, दागिने, अब्रू आणि त्यातून मुलाला वाढवायचं. गंमत बघा, त्याच्या आदल्याच वर्षी जपानमध्ये नारुसेंचा ‘ओकासान’ आला होता, म्हणजे आईच. किनुयो तानाका त्यात नवऱ्यामागे धोबीकामाचं दुकान चालवणारी विधवा. दोघी आयांच्या डोक्यावर खर्चाचा मेळ बसवण्याचं एकच ओझं, फक्त एकीच्या कोकणात पाऊस आणि दुसरीच्या टोकियोत इस्त्रीची वाफ.

१३. ‘कट’ म्हणायला बाई आली

जपानमध्ये १९३६ मध्ये ताझुको साकाने या बाईने पहिला चित्रपट दिग्दर्शित केला. नंतर १९५३ मध्ये किनुयो तानाका दिग्दर्शनाकडे वळली. ‘कोईबुमी’, म्हणजे प्रेमपत्र, हा तिचा पहिला चित्रपट. तिला नायिका करून जगभर कौतुक झालेल्या मिझोगुचींनाच तिचं दिग्दर्शन नको होतं. बाईच्या दुःखावर चित्रपट करणं वेगळं आणि बाईच्या हाती कॅमेरा देणं वेगळं! तानाकाबाईने एकूण सहा चित्रपट केले.

आपल्याकडे फातमा बेगम १९२६ मध्येच दिग्दर्शक झाल्या होत्या. मराठी घरांत बघायचं तर दुर्गा खोट्यांनी १९३७ मध्ये ‘साथी’ काढला आणि दिग्दर्शितही केला. ‘रामराज्य’मधली (१९४३) सीता शोभना समर्थ हिने, गांधीजींनी जो चित्रपट पाहिला त्याच्या नायिकेने, पुढे ‘हमारी बेटी’ (१९५०) दिग्दर्शित करून मुलगी नूतनला पुढे आणलं आणि ‘छबीली’त (१९६०) तनुजाला. चित्रपट काढून दोन्ही लेकींना उभं करणारी ही आई.

१४. चित्रपटाचं नाव, पुस्तकालाही तेच

अनंत मान्यांच्या ‘सांगत्ये ऐका’ने (१९५९) तमाशातल्या बाईची कथा सांगितली आणि पुण्याच्या विजयानंदमध्ये तो १३१ आठवडे चालला. त्यातल्या नायिकेचं काम केलेल्या हंसा वाडकरांनी पुढे आपल्या आत्मकथेलाही तेच नाव दिलं. घर चालवण्यासाठी लहान वयात सिनेमात ढकलली गेलेली मुलगी, तिच्या कमाईवर जगणारे नातेवाईक, लग्नातली कोंडी, दारू, पुरुष, सगळं तिने आडपडदा न ठेवता सांगितलं. वाचकांची पुन्हा एकदा झोप उडाली.

त्यावरून श्याम बेनेगलांनी ‘भूमिका’ (१९७७) केला आणि स्मिता पाटीलने राष्ट्रीय पुरस्कार मिळवला. आता नारुसेंच्या ‘जिन्यावरून चढणारी बाई’कडे (१९६०) बघा. गिंझातला बार सांभाळणारी विधवा केको रोज संध्याकाळी तो जिना चढते. किमोनोचा खर्च, अत्तराचा खर्च, उधारी बुडवणारं गिऱ्हाईक आणि पैसे मागणारा भाऊ. केको झालेली हिदेको ताकामिने त्या चित्रपटाची वेशभूषाकारही होती. केको आणि हंसाबाई यांच्यात एकच फरक: हंसाबाईने स्वतःची कथा स्वतः सांगितली.

१५. कमावणाऱ्या मुली

हिदेको ताकामिने पाच वर्षांची असल्यापासून पडद्यावर राबत होती आणि नातेवाईक तिच्या पैशांवर जगत होते. ओझूंच्या चित्रपटांत नोरिको झालेली सेत्सुको हारा १९६३ मध्ये अचानक सिनेमा सोडून कामाकुराला गेली. कारण सांगितलं असं: अभिनय मला कधी आवडलाच नाही, घरच्यांना पोसायला केला. त्यानंतर २०१५ मध्ये जाईपर्यंत ती कॅमेऱ्यापुढे आली नाही.

आपल्याकडे मास्टर दीनानाथ १९४२ मध्ये गेले तेव्हा थोरली लता बारा वर्षांची होती. पाच भावंडांचं घर. लताने ‘पहिली मंगळागौर’मध्ये छोटी भूमिका केली, पण अभिनय तिला रुचला नाही आणि पुढे जो गळा उघडला तो आपण सगळ्यांनी ऐकला. गाण्यांच्या मानधनावर ती निर्माती झाली, ‘आनंदघन’ या टोपणनावाने संगीत दिलं. ‘साधी माणसं’च्या (१९६५) संगीताला राज्य पुरस्कार जाहीर झाला तेव्हा आनंदघन नावाचा माणूस उठेना. तो माणूस दिदीच आहे, हे मंचावरून सांगावं लागलं.

१६. बाई न मिळालेल्या माणसाच्या नावाचा पुरस्कार

ज्या फाळक्यांना तारामतीसाठी बाई मिळाली नाही त्यांच्या नावाने सरकारने सिनेमातला सर्वोच्च सन्मान सुरू केला. १९६९ चा पहिला दादासाहेब फाळके पुरस्कार कुणाला? देविका राणीला! १९८३ चा दुर्गा खोटे यांना. त्यानंतर मंगेशकरांच्या घरात दोन आले, लतादीदी आणि आशाताई. नाशकात पांडवलेण्यांच्या पायथ्याशी फाळके स्मारक आहे. तिथे गेल्यावर सरस्वतीबाईंची आठवण काढायला परवानगी लागत नाही.

आता जोड्या लावून बघा

रविवारची दुपार मोकळी असेल तर मराठीचा एक आणि जपानीचा एक असा खेळ मांडा. ‘कुंकू’सोबत ओझूंचा ‘लेट स्प्रिंग’ (१९४९) घ्या. एकीकडे लग्न नको म्हणणारी नवरी, दुसरीकडे वडिलांना सोडून लग्न नको म्हणणारी मुलगी. ‘माणूस’सोबत ‘नानिवा एलेजी’, ‘श्यामची आई’सोबत ‘ओकासान’, ‘भूमिका’सोबत केकोचा जिना. चारी जोड्यांत एक नियम पाळा: पडद्यावर पैसा हातातून हातात गेला की बोट वर करा. चुकणाऱ्याने मिसळीचं बिल द्यायचं. एवढं एक खरं, ‘कुंकू’ बघून कुणाला बिल भरावं लागेल असं वाटत नाही, कारण पहिल्याच काही मिनिटांत मामा पैसे मोजायला बसतो आणि सगळ्यांची बोटं वर जातात.